मुलगी रोज चार तास अभ्यासाला बसते, तरी पेपरात काही आठवत नाही. स्वयंअध्ययनाची सवय घरी कशी लावायची?

दहावीची आई (सांगली जिल्हा) :

माझी मुलगी यंदा दहावीला आहे, मराठी माध्यम. शाळा सुटली की क्लास, क्लासहून आली की जेवण, आणि साडेसातला जी टेबलाशी बसते ती साडेअकरापर्यंत. तिला बस म्हणावं लागत नाही की ओरडावं लागत नाही. मोबाईल माझ्याकडे असतो. वह्या बघाल तर दृष्ट काढावीशी वाटेल. शीर्षकं जांभळ्या पेनने, सूत्रं चौकटीत, गाईडमधली उदाहरणं सुवाच्य अक्षरात उतरवलेली. आणि परवाच्या घटक चाचणीत बीजगणितात २० पैकी ७.

पेपर हातात आला त्या दिवशी ती रडली नाही, नुसती गप्प होती. रात्री म्हणाली, "आई, मला सगळं येत होतं गं. पेपरात आठवलंच नाही." ती खोटं बोलणारी मुलगी नाही.

पालकसभेत सांगितलं गेलं की मुलांमध्ये स्वयंअध्ययनाची सवय लावा, त्यांना अभ्यासात रस वाटू द्या. सगळ्या पालकांनी माना डोलावल्या. म्हणजे नेमकं करायचं काय, हे विचारायला मी उभी राहीपर्यंत पुढचा विषय सुरू झाला होता.

मी पतसंस्थेत नोकरी करते. दहावीनंतर कॉमर्सला गेले, वर्गसमीकरण आज मला सोडवता येणार नाही. मिस्टर म्हणतात गणिताला दुसरा क्लास लावू. पण ती आधीच चार तास बसते, त्यात अजून दोन तास घालून काय होणार, हे मला कळत नाही. ज्या आईला विषयच येत नाही ती या बाबतीत काही करू शकते का? आणि पंधराव्या वर्षी अशी सवय लागते का, की ते लहानपणीच व्हायला हवं होतं?

एक बाबा, पुणे :

ताई, रात्रीचा अभ्यास बंद करून पहाटेचा सुरू करा. आमचा मुलगा साडेचारला उठायचा, आवरून पाचला बसायचा. भिंतीवर वेळापत्रक लावलं होतं, कुठल्या वारी कुठला विषय ते ठरलेलं. मी स्वतः त्याच्यासोबत उठून चहा करायचो. त्याला चांगले गुण पडले. पहाटे डोकं ताजं असतं, घरात आवाज नसतो. वेळापत्रक मात्र तुम्ही करून द्या, मुलं स्वतःचं केलं की सोपे विषय आधी घेतात.

गणिताचे सर, आटपाडी :

ताई, "सगळं येत होतं, पेपरात आठवलं नाही" हे वाक्य मी दरवर्षी प्रत्येक तुकडीत ऐकतो. तुमची मुलगी खरंच बोलतेय. वही उघडी होती तोवर तिला येतच होतं. वही मिटल्यावर किती येतं, हे तिने चाचणीच्या आधी एकदाही करून पाहिलेलं नसणार. माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. मला काय येतं आणि काय येत नाही, याचा बऱ्यापैकी खरा अंदाज ज्या मुलाला बांधता येतो, ते आपला अभ्यास आपण चालवू शकतं. ज्याला तो अंदाजच नाही, त्याला कितीही क्लास लावा, उद्या काय करायचं हे दुसऱ्यालाच सांगावं लागणार.

पुण्याच्या दादांच्या मुलाला वेळापत्रकाचा फायदा झाला, आनंद आहे. पण तुमच्या लेकीची अडचण बसण्याची नाहीच. ती बसतेय, मनापासून बसतेय. त्या चार तासांत ती उतरवून घेते. उतरवताना हात चालतो, अक्षर सुंदर येतं, पान भरतं आणि मनाला समाधान मिळतं की आजचा अभ्यास झाला. डोक्याला मात्र कुठे अडावं लागत नाही.

मी वर्गात काय करून घेतो ते सांगतो. घरी जमेल तेवढं घ्या.

सरावसंच सोडवण्याआधी मुलांनी प्रत्येक उदाहरण नुसतं वाचायचं आणि समासात खूण करायची. नक्की येईल त्याला बरोबरची खूण, बहुधा येईल त्याला टिंब, येणार नाही त्याला फुली. खूण पेनने करायची, म्हणजे मागाहून बदलता येत नाही. मग गाईड, वही सगळं मिटून सोडवायला बसायचं. झालं की पुस्तकाच्या मागची उत्तरसूची काढून आपली खूण कितपत खरी ठरली ते बघायचं. फुलीचं उदाहरण चुकलं तर काहीच बिघडलं नाही, ते येत नाही हे तिला ठाऊकच होतं. बरोबरची खूण केलेलं उदाहरण चुकलं की मात्र तिथे थांबायचं. ती जागा घातकी असते. तिथे मूल आपणहून परत कधी जात नाही, कारण त्याच्या लेखी तो भाग झालेला असतो.

एका मुलीचं सांगतो. आमच्या भागातली बरीच माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी परराज्यांत असतात. हिचे आईवडील तमिळनाडूत, ही गावाकडे आजीजवळ. घरात अभ्यासाचं विचारायला कोणी नाही. अंकगणिती श्रेढी शिकवत होतो, म्हणजे दर पुढच्या पदात तेवढीच भर पडत जाणारी संख्यांची ओळ. ५, ११, १७, २३... या श्रेढीत ३०१ ही संख्या येईल का, असं उदाहरण. तिने समासात बरोबरची खूण केली होती. सूत्रात किमती घातल्या, ३०१ मधून ५ वजा केले, २९६ आले, त्याला ६ ने भागलं. भाग पूर्ण जाईना, ४९.३३ यायला लागलं. तिने खोडलं. परत केलं, परत तेच. परत खोडलं. कागद झिजून पातळ झाला तेव्हा वही घेऊन माझ्याकडे आली, "सर, माझं कुठं चुकतंय?"

मी म्हटलं, चुकलंय का ते नंतर बघू. पन्नासावं पद काढ. तिने काढलं, २९९. एक्कावन्नावं काढ. ३०५. वहीकडे बघत उभी राहिली जरा वेळ. मग म्हणाली, "मग ३०१ मधी कुठंच न्हाय की ओ सर!"

उत्तर तिच्या वहीत पहिल्या झटक्यालाच आलं होतं. आकडेमोड अचूक होती. अपूर्णांक आला म्हणजे आपलं चुकलं, अशी तिची समजूत, म्हणून बरोबर आलेलं ती खोडत बसली होती. त्या दिवसापासून तिने स्वतःच एक गोष्ट सुरू केली. उत्तर आलं की त्याखाली एका ओळीत लिहायची, हे उत्तर काय सांगतंय. मी सांगितलं नव्हतं. मला विचाराल तर स्वयंअध्ययन त्या ओळीत आहे. काम चालू असताना मध्येच थांबून आपल्याच कामाकडे बघणं, आणि काही खटकलं तर खोडायच्या आधी विचार करणं.

आता तुमच्या घरात काय करायचं. ती चाचणीची उत्तरपत्रिका काढा. १३ गुण गेलेत. प्रत्येक गेलेल्या गुणापुढे मुलीने स्वतः लिहायचं की तो का गेला. समजलंच नव्हतं, की समजलं होतं पण आठवलं नाही, की घाईत आकडा चुकला. तुम्ही शेजारी बसायचं, बोलायचं नाही. यासाठी तुम्हाला वर्गसमीकरण यायची काही गरज नाही. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. समजलं नव्हतं ते उद्या वर्गात सरांना नाहीतर मैत्रिणीला विचारायचं. आठवलं नाही, त्याला पुस्तक मिटून आठवण्याचा सराव. घाईत चुकलं, त्याला ताळा करायची सवय. हे न बघता सरसकट 'जास्त अभ्यास कर' म्हटलं की मूल जे येतं तेच पुन्हा करत बसतं, कारण ते करायला बरं वाटतं.

पुस्तक मिटून आठवण्यासाठी आमच्याकडे कोरा कागद असतो. तास संपायच्या आधी दहा मिनिटं पुस्तकं दप्तरात, प्रत्येकाने कोऱ्या कागदावर आज काय झालं ते निळ्या पेनने लिहायचं. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनने भरायचं. सुरुवातीला कागद लालभडक होतो. मुलांना वाईट वाटतं. पण तो लाल भागच त्यांचा आज रात्रीचा अभ्यास असतो, आणि तो मी ठरवलेला नसतो. तुमच्या मुलीला रंगीत पेनांची आवड आहे, ती इथे कामाला येईल.

प्रमेयांचंही तेच. पायथागोरसच्या प्रमेयाची सिद्धता मुलं एबीसी त्रिकोणावर पाठ करतात. तोच त्रिकोण पीक्यूआर केला आणि काटकोन दुसऱ्या कोपऱ्यात नेला की चांगली चांगली मुलं अडकतात. बोर्डाच्या पेपरात चौकटी भरायच्या कृती असतात, तिथे पायरीमागचं कारण माहीत नसेल तर पाठांतर कामी येत नाही. म्हणून मी सांगतो, सिद्धता करायची तर अक्षरं बदलून करा.

वर्गात रस घेणं म्हणाल, तर त्यात मोठी फसगत आहे. 'समजलं का?' विचारलं की साठ मुलं एका सुरात 'होऽऽ' म्हणतात. त्या होकारावरून काहीही कळत नाही. मी तो प्रश्न विचारत नाही. फळ्यावर एक उदाहरण देतो आणि उत्तर किती येईल, शंभराच्या आत की बाहेर, एवढा अंदाज हात वर करून द्यायला लावतो. अंदाज दिला की मूल त्यात गुंततं. आपलं खरं ठरतंय का, ही उत्सुकता त्याला शेवटपर्यंत जागं ठेवते. मागच्या बाकावरची न बोलणारी मुलंसुद्धा मान उंच करून बघतात.

'अभ्यास झाला का?' हा प्रश्न घरातून काढून टाका ताई. त्याला 'झाला' याशिवाय उत्तर नाही. त्याऐवजी विचारा, आज कुठे अडलीस, आणि अडल्यावर काय केलंस. कुठेच अडले नाही म्हणाली तर समजा की आज उतरवणं झालंय.

आणि वेळापत्रक तिलाच करू द्या. इथे माझं दादांशी जुळत नाही. मूल सोपे विषय आधी घेतं हे खरं आहे. घेऊ द्या. रविवारी संध्याकाळी तिने आठवड्याच्या तीन गोष्टी लिहायच्या. 'गणित दोन तास' असं नाही, 'वर्गसमीकरणाची शाब्दिक उदाहरणं, न बघता पाच' असं. पुढच्या रविवारी त्यातलं काय झालं, काय राहिलं, का राहिलं, ते तिनेच बघायचं. पहिले काही आठवडे तिचा बेत फसेल. आपण काय करू शकतो याचा अंदाज त्या फसण्यातूनच येतो. बेत आपण आखून दिला तर फसलेला बेतही आपलाच असतो, तिला त्यातून काही मिळत नाही.

पंधरावं वर्ष उशिराचं मुळीच नाही.

शिक्षणशास्त्राची प्राध्यापिका, कोल्हापूर :

सरांनी वर्गातून जे सांगितलं त्याला संशोधनाचा भक्कम आधार आहे, म्हणून थोडं लिहिते. बी.एड.च्या मुलांना मी हे दरवर्षी शिकवते आणि दरवर्षी त्यांना आश्चर्य वाटतं.

अमेरिकेत हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एका सत्रात वाचला आणि पुढची तीन सत्रं, न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा वाचणाऱ्यांचं ४० टक्क्यांवर आलं होतं, आणि लिहून काढणाऱ्यांचं ६१ वर होतं. ताई, तुमच्या मुलीचं "सगळं येत होतं" हे त्या ८३ टक्क्यांतलं आहे. रात्री साडेअकराला तिला खरंच येत असतं. चाचणी दुसऱ्या आठवड्यात असते. वाचून वाचून ओळखीचं झालेलं आपल्याला 'येतंय' असं वाटतं, आणि हे मोठ्यांचंही होतं. त्या प्रयोगात चार वेळा वाचलेल्यांनाच आपल्या लक्षात जास्त राहील असा भरवसा होता.

दुसरी गोष्ट मदतीची. स्वयंअध्ययन म्हटलं की पालकांच्या डोळ्यांसमोर दार लावून एकटं बसलेलं मूल येतं. बॅरी झिमरमन आणि मार्टिनेझ-पॉन्स यांनी १९८६ साली दहावीच्या ८० विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेतल्या, निम्मे वरच्या गटातले, निम्मे खालच्या. घरी अभ्यास करताना, परीक्षेची तयारी करताना, कंटाळा आला तेव्हा तू काय करतोस, असे साधे प्रश्न. उत्तरांतून अभ्यास सांभाळण्याच्या १४ पद्धतींचा वापर तपासला. ध्येय ठरवणं आणि बेत आखणं, नोंदी ठेवणं, बसायची जागा नीट करणं या त्यातल्या काही. आणि मित्रांची, शिक्षकांची, घरच्या मोठ्यांची मदत मागणं हेही त्यातच येतं. कुठे अडलंय ते ओळखून योग्य माणसाकडे नेमका प्रश्न घेऊन जाणं ही स्वतः शिकणाऱ्याचीच खूण आहे. तेव्हा 'स्वतःचं स्वतः कर' म्हणून मुलीला एकटं पाडू नका.

अभ्यासात गुंतणं याचेही तीन पदर मानतात. वागण्यातला, भावनेतला आणि विचारातला. फ्रेड्रिक्स, ब्लूमेनफेल्ड आणि पॅरिस यांचा २००४ चा लेख या बाबतीत फार वापरला जातो. वेळेवर बसणं, वह्या पूर्ण असणं हा वागण्याचा पदर, तो तुमच्या मुलीकडे काठोकाठ आहे. शाळेत आणि घरी आपण तेवढाच बघतो, कारण तो दिसतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रगतीपत्रकात स्वमूल्यमापन असावं असं म्हटलंय. मला ते मनापासून पटतं. पण रकाना भरून घेण्यापुरतं ते उरलं तर मुलं सगळीकडे 'उत्तम' लिहून मोकळी होतील. सरांच्या समासातल्या खुणेला त्याच दिवशी उत्तरसूचीशी सामना करावा लागतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी आता हेच उदाहरण देणार आहे, सरांची परवानगी असेल तर.

डिप्लोमावाला :

काकू, मी नुकताच दहावीतून बाहेर पडलोय, पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाला आहे, म्हणून मुलांच्या बाजूने लिहितो.

आमच्या गावात क्लास नव्हता. ग्रामपंचायतीच्या अभ्यासिकेत आम्ही चौघं बसायचो. एक जण फळ्यावर उदाहरण समजावणार आणि बाकीचे प्रत्येक पायरीला 'का?' विचारणार, असं आमचं ठरलं होतं. समजावणारा अडला की तो भाग कोणालाच येत नाही असं धरायचं आणि दुसऱ्या दिवशी सरांकडे जायचं. मला वाटायचं मला भूमितीतली समरूपता येते, म्हणजे दोन त्रिकोण एकाच आकाराचे आहेत हे दाखवणं. फळ्यापाशी उभा राहिलो तेव्हा कळलं की मला फक्त कसोट्यांची नावं येतात. कोको (कोन-कोन) कसोटी लावली असं लिहायचो, पण कुठल्या कोनाची कुठल्या कोनाशी जोडी, हे मित्राने विचारलं की ततपप.

व्हिडिओचंही सांगतो. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून किंवा यूट्यूबवर बघितलं की फार सोपं वाटतं, कारण सोडवणारा हुशार असतो. आम्ही उदाहरण पडद्यावर आलं की व्हिडिओ थांबवायचो, वहीत करायचो, मग पुढे लावायचो. तेव्हा कुठे त्या व्हिडिओचा उपयोग व्हायला लागला. त्यामुळे मोबाईल पूर्ण काढून घेऊ नका. तिने किती वेळ आणि कशासाठी घ्यायचा, हे तिच्याकडून ठरवून घ्या. कॉलेजला हॉस्टेलवर गेल्यावर मोबाईल काढून घेणारं कोणी नसतं. माझ्या खोलीत पहाटे तीनपर्यंत जागणारी मुलं आहेत, ती सगळी दहावीला पहिल्या दहांत होती.

आणि काकू, २० पैकी ७ पडल्यावर मुलगी गप्प बसली ना, तेव्हा तिला वाटत असणार की आपल्यालाच गणित जमत नाही. मलाही आठवीत तसं वाटायचं. जमणाऱ्या छोट्या उदाहरणापासून रोज सुरुवात केली की ते हळूहळू जातं. पहिलंच उदाहरण धड्याच्या शेवटच्या संकीर्ण प्रश्नसंग्रहातलं अवघड घ्यायचं नाही.

दहावीची आई :

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी रात्री आम्ही उत्तरपत्रिका घेऊन बसलो. सर म्हणाले तसं मी गप्प बसले, कठीण होतं. तिने पेन्सिलीने गेलेल्या प्रत्येक गुणापुढे लिहिलं. १३ पैकी ८ 'समजलं होतं, आठवलं नाही', ३ घाईचे, आणि फक्त २ 'समजलंच नव्हतं'. ते बघून तिचा चेहरा उजळला. तिला वाटत होतं तिला काहीच समजत नाही. बेरीज तिने पुन्हा करून पाहिली.

अडचण अशी आहे की कोऱ्या कागदावर लिहायला बसली की चार ओळींवर थांबते आणि रडकुंडीला येते. काल म्हणाली, "वहीत किती छान दिसतं, इथे मला काहीच येत नाही असं दिसतं." दोन दिवसांनी पुन्हा जांभळं पेन निघालं. मिस्टर क्लासचा विषय सोडायला तयार नाहीत. यावर काय करू?

गणिताचे सर, आटपाडी :

प्राध्यापिका ताई, उदाहरण खुशाल वापरा.

दहावीच्या आई, ते जांभळं पेन काढून घेऊ नका. चांगली वही करणं ही तिच्या हातातली कला आहे आणि त्यात तिला आनंद आहे. फक्त क्रम बदला. आधी कोरा कागद, मग लाल पेनने भरणं, आणि मग त्यातलं हवं ते वहीत सुंदर अक्षरात. वही ही आठवून झाल्यावरची गोष्ट होऊ द्या.

कागदावर चार ओळी येतात त्याचं दुःख तिला होतंय, कारण ती पूर्ण धडा आठवायला बसतेय. धडा नको. एक सरावसंच घ्या, नाहीतर त्यातलं एकच उदाहरण. अर्थनियोजनातलं जीएसटीचं एखादं उदाहरण घेऊन पायऱ्या कुठल्या होत्या एवढंच लिहायचं. आणि कागदावर तारीख घालून ठेवायला सांगा, फेकायचा नाही. तोच भाग तीन-चार दिवसांनी पुन्हा कोऱ्या कागदावर काढायचा आणि दोन्ही शेजारी ठेवायचे. दुसऱ्यावर निळं वाढलेलं दिसेल. 'तू हुशार आहेस' असं तुम्ही सांगितलेलं तिला पटणार नाही, आणि या वयात पटतही नाही. दोन कागद समोर असले की पटतं.

क्लासबद्दल साहेबांना माझं एवढं सांगा. तिच्याच हिशेबाने १३ पैकी २ गुण न समजल्यामुळे गेले. दुसरा क्लास त्या दोनांवर काम करेल. आठ गुण आठवण्याचे आहेत, त्यासाठी तिला एकटीचा, पुस्तक मिटलेला वेळ लागणार, आणि तोच वेळ दुसऱ्या क्लासला जाईल. तरीही लावायचाच असेल तर निर्णय तिच्याशी बसून करा. कुठल्या धड्यासाठी जायचंय हे तिने सांगावं, आणि तो धडा झाला की थांबायची मोकळीक तिला असावी. आहे त्या क्लासलाही जाताना 'मला काय विचारायचंय' हे चिठ्ठीवर लिहून जायला लावा. चिठ्ठी कोरी असेल तर त्या दिवशी आदल्या दिवशीचा भाग आठवून काढायचा, म्हणजे आपोआप प्रश्न सापडतात.

झोपेचंही बघा. साडेअकरा ऐवजी दहाला दिवा बंद करा. वही उतरवण्याचा वेळ कमी झाला की तेवढं सहज बसतं.

पुढच्या चाचणीला पेपर देऊन झाल्यावर, वर्गाबाहेर पडायच्या आत तिने प्रश्नपत्रिकेच्या कोपऱ्यात लिहायचं, मला किती पडतील. कोणाला दाखवायचं नाही. उत्तरपत्रिका मिळाली की दोन्ही आकडे इथे कळवा. गुण कमी आले तरी कळवा, मला त्या दोन आकड्यांमधलं अंतर बघायचंय.